ब्लाइंड विली जॉन्सन : तीस ध्वनिमुद्रणांमागचे आयुष्य

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील लहान-मोठ्या गावांच्या रस्त्यांवर गिटार वाजवून ख्रिस्ती भक्तिगीते गाणारे अंध गायक विली जॉन्सन यांचे १८ सप्टेंबर १९४५ रोजी ब्यूमाँट शहरात निधन झाले. बाहेरच्या जगाने या घटनेची दखल घेतली नाही. त्यांच्या नावावर अवघी ३० ध्वनिमुद्रणे होती आणि त्यांतील अखेरच्या ध्वनिमुद्रणालाही तोपर्यंत पंधरा वर्षे लोटली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १९७७ मध्ये, यांपैकी एक ध्वनिमुद्रण 'व्हॉयेजर' या दोन अंतराळयानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट करण्यात आले. त्या तबकडीवर जॉन्सन यांच्या लगतच्या आधी येणारा स्वर गोव्यात जन्मलेल्या विख्यात गायिका केसरबाई केरकर यांचा आहे.

रस्त्याच्या कोपऱ्यापासून आंतरतारकीय अवकाशापर्यंतचा हा प्रवास जॉन्सन यांना स्वतःला कधीच कळला नाही. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या तबकड्या शोधणाऱ्या मोजक्या संग्राहकांमुळे आणि अभ्यासकांमुळे तो घडून आला.

बालपण आणि अंधत्व

विली जॉन्सन यांचा जन्म २५ जानेवारी १८९७ रोजी टेक्सासमधील पेंडलटन या गावी झाला, अशी नोंद सैन्यभरतीच्या कागदपत्रांत आढळते. ते लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले व वडिलांनी दुसरा विवाह केला. कुटुंबाचे वास्तव्य पुढे मार्लिन या गावी होते. सिगारच्या रिकाम्या खोक्याला तारा जोडून तयार केलेली गिटार वडिलांनी त्यांना पाचव्या वर्षी दिली, असे सांगितले जाते.

विली जन्मांध नव्हते. घरातील भांडणात सावत्र आईने फेकलेले दाहक क्षाराचे पाणी डोळ्यांत गेल्याने सुमारे सातव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली, अशी हकिकत त्यांची पत्नी अँजेलिन यांनी पुढे सांगितली. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागातील गरीब, कृष्णवर्णीय आणि अंध मुलापुढे उपजीविकेचे मार्ग अगदी थोडे होते. शेतमजुरी करणे शक्य नव्हते. उरले ते गाणे. आठवड्याच्या बाजारहाटासाठी लोक गावात येत, तेव्हा विली रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गात. गिटारला बांधलेल्या पत्र्याच्या पेल्यात ऐकणारे नाणी टाकीत. याच स्थितीत त्यांची गायनकला घडली.

डोळ्यांनी अधू असलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्या नावाआधी 'ब्लाइंड' म्हणजे 'अंध' हा शब्द लावण्याची त्या काळी पद्धतच होती. ब्लाइंड लेमन जेफरसन, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड विली मॅकटेल ही नावे त्याच प्रथेची साक्ष देतात.

चार सत्रे, तीस गीते

१९२० च्या दशकात अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या लक्षात आले की, कृष्णवर्णीय श्रोते आपल्या लोकांचे संगीत विकत घेण्यास उत्सुक आहेत. त्यांच्यासाठी 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने स्वतंत्र तबकड्या निघू लागल्या. कोलंबिया कंपनीचे निर्माते फ्रँक वॉकर ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री घेऊन दक्षिणेतील शहरांत जात आणि स्थानिक कलावंतांना पाचारण करीत. अशाच एका दौऱ्यात ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलस येथे जॉन्सन यांची पहिली सहा गीते ध्वनिमुद्रित झाली.

त्यांच्या पहिल्या तबकडीच्या ९,४०० प्रती काढण्यात आल्या आणि मागणी पाहून आणखी ६,००० प्रती काढाव्या लागल्या. त्या काळातील लोकप्रिय गायिका बेसी स्मिथ यांच्या नव्या तबकडीपेक्षाही हा आकडा मोठा होता. डिसेंबर १९२८ मध्ये डॅलस येथे चार, डिसेंबर १९२९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे दहा आणि एप्रिल १९३० मध्ये अटलांटा येथे दहा गीते मुद्रित झाली. तोपर्यंत अमेरिकेला महामंदीने ग्रासले होते. तबकड्यांचा खप कोसळला आणि कंपन्यांनी असे दौरे आवरते घेतले. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी जॉन्सन यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द संपली. त्यांनी गाणे मात्र सोडले नाही. ते पुन्हा रस्त्यावर आणि प्रार्थनामंदिरांत गाऊ लागले.

गायनाचे वेगळेपण

जॉन्सन यांचा उल्लेख 'ब्लूज' गायकांमध्ये केला जात असला तरी त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली गीते धार्मिक आशयाची आहेत. ब्लूज हे तत्कालीन भाविक समाजात मद्यपान आणि चैनीशी जोडलेले गाणे मानले जाई. जॉन्सन यांनी त्याच गाण्याची गिटार, त्याचीच लय आणि त्याचाच दर्द घेतला. शब्द मात्र बायबलचे ठेवले.

त्यांचा नैसर्गिक आवाज मध्यम पट्टीचा व मोकळा होता. परंतु बहुतेक गीतांत ते घशातून खरखरीत, घोगरा, जवळजवळ गर्जनेसारखा स्वर काढीत. बाजाराच्या गजबजाटात प्रवचनकाराचा आवाज दूरवर पोहोचावा, ही गरज त्यामागे होती. गिटारच्या तारांवरून कठीण वस्तू सरकवून ते स्वर काढीत. विचित्रवीणेवर काचेचा गोळा सरकवून जशी अखंड मींड निघते, तशीच ही रीत होय. अनेकदा ओळीचे अर्धे शब्द गाऊन ते थांबत आणि उरलेली ओळ गिटारकडून पूर्ण करून घेत.

त्यांच्या गीतांत समकालीन घटनांचेही प्रतिबिंब आहे. १९१२ मध्ये बुडालेले 'टायटॅनिक' जहाज, पहिले महायुद्ध आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ हे त्यांच्या तीन गीतांचे विषय होते. वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या श्रोत्यांपुढे रस्त्यावरचा गायक वार्ताहर आणि उपदेशक अशा दोन्ही भूमिका बजावीत असे.

या सर्वांहून निराळे आहे ते पहिल्याच सत्रातील 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' हे ध्वनिमुद्रण. काळोखी रात्र आणि थंडगार भूमी असा त्या शीर्षकाचा आशय आहे. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस हॉइस यांनी अठराव्या शतकात रचलेल्या एका स्तोत्रावर ते आधारित आहे. क्रूसावर चढवले जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्तांनी गेथसेमाने बागेत केलेली प्रार्थना हा त्या स्तोत्राचा विषय. जॉन्सन यांच्या ध्वनिमुद्रणात मात्र स्तोत्राचा एकही शब्द नाही. सुमारे सव्वातीन मिनिटे केवळ गिटार आणि तिच्यामागून जाणारे गुणगुणणे, हुंकार आणि उसासे ऐकू येतात. इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यालाही त्याचा अर्थ उमगतो.

अखेरची वर्षे

१९४५ मध्ये ब्यूमाँट येथील फॉरेस्ट स्ट्रीटवर जॉन्सन एक छोटे प्रार्थनागृह चालवीत होते. त्याच वर्षी त्यांच्या घराला आग लागली. अन्यत्र आसरा नसल्याने त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर वर्तमानपत्रे पसरून ते झोपत राहिले, असे अँजेलिन यांनी सांगितले आहे. ते आजारी पडले. रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. मृत्यूच्या दाखल्यात हिवतापाची नोंद आहे. ब्यूमाँट येथील ब्लँचेट दफनभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मात्र त्यांच्या थडग्याची नेमकी जागा आज दाखवता येत नाही.

विस्मृतीतून शोध

लाखेच्या तबकड्या वजनाला जड आणि सहज फुटणाऱ्या असत. कृष्णवर्णीय वस्त्यांत विकल्या गेलेल्या या तबकड्या वापरून झिजल्या, फुटल्या, अडगळीत गेल्या. ज्या शिल्लक राहिल्या, त्या काही छंदिष्ट संग्राहकांनी जुन्या बाजारांतून आणि घरोघर फिरून गोळा केल्या.

यांपैकीच एक संग्राहक हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये आपल्या संग्रहातील ८४ ध्वनिमुद्रणे निवडून 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हा सहा तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात जॉन्सन यांचे 'जॉन द रेव्हलेटर' हे गीत होते. पुढच्या पिढीतील अनेक तरुण गायकांना या संचामुळे त्यांचा आवाज प्रथम ऐकायला मिळाला. १९५० च्या दशकाच्या मध्यास संशोधक सॅम्युअल चार्टर्स जॉन्सन यांचा माग काढीत ब्यूमाँटला पोहोचले आणि अँजेलिन यांना भेटले. त्यांची मुलाखत आणि जॉन्सन यांची गीते एकत्र असलेला 'ब्लाइंड विली जॉन्सन : हिज स्टोरी' हा संग्रह फोकवेज कंपनीने १९५७ मध्ये प्रकाशित केला.

या शोधकार्यात एका व्यक्तीवर मात्र नकळत अन्याय झाला. जॉन्सन यांच्या काही गीतांत त्यांच्या ओळीला उत्तर देणारा एक स्त्रीस्वर आहे. कीर्तनात झीलकरी धृपद उचलून धरतात, तशी त्याची जागा आहे. हा स्वर अँजेलिन यांचाच, असे चार्टर्स यांनी गृहीत धरले. १९७० च्या दशकात मार्लिन येथे विली बी. हॅरिस या वृद्ध स्त्रीचा शोध लागला. जॉन्सन यांच्या त्या पूर्वीच्या सहचारिणी होत्या आणि १९२८ व १९३० च्या सत्रांत त्यांच्यासोबत गायिल्या होत्या. चार्टर्स यांनी पुढे आपल्या लेखनात दुरुस्ती केली. 'जॉन द रेव्हलेटर' ऐकणाऱ्यांना हॅरिस यांचा आवाज अनेक वर्षे परिचित होता, त्यांचे नाव मात्र ठाऊक नव्हते.

१९६० नंतर जॉन्सन यांची गीते नव्या कलावंतांनी गाण्यास प्रारंभ केला. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन आणि ब्रिटनचा लेड झेपेलिन वाद्यवृंद ही त्यांतील ठळक नावे. इटालियन दिग्दर्शक पाझोलिनी यांनी येशूच्या जीवनावरील १९६४ च्या चित्रपटात, तर गिटारवादक राय कूडर यांनी १९८४ च्या 'पॅरिस, टेक्सस' या चित्रपटाच्या संगीतात 'डार्क वॉज द नाइट'चा आधार घेतला. १९९३ मध्ये जॉन्सन यांची समग्र ध्वनिमुद्रणे एका संचात उपलब्ध झाली.

केसरबाईंच्या शेजारी

१९७७ मध्ये 'नासा'ने दोन व्हॉयेजर याने अवकाशात पाठवली. पृथ्वीची ओळख करून देणारी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी त्यांवर बसवण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील समितीने तीत ५५ भाषांतील शुभेच्छा आणि सुमारे ९० मिनिटांच्या २७ संगीतरचना घेतल्या. या भाषांत मराठीचाही समावेश आहे.

संगीताच्या भागाच्या अखेरीस केसरबाईंनी गायिलेली भैरवीतील 'जात कहाँ हो' ही रचना, त्यापाठोपाठ जॉन्सन यांचे 'डार्क वॉज द नाइट' आणि शेवटी बीथोव्हेन यांची रचना असा क्रम आहे. रात्र पडली असता डोके टेकायला जागा नसणे हा माणसाचा पुरातन अनुभव या सुरांत उतरला आहे, अशी जॉन्सन यांच्या निवडीमागील भूमिका होती.

केसरबाईंच्या ध्वनिमुद्रणाची कथाही शोधाचीच आहे. अमेरिकी संगीत अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी त्याची शिफारस केली, तेव्हा ती तबकडी बाजारात मिळत नव्हती. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या आणि १९६९ च्या 'पद्मभूषण' सन्मानाच्या मानकरी केसरबाई यांचे १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे 'व्हॉयेजर-१' च्या उड्डाणानंतर अकराच दिवसांनी निधन झाले. राजदरबारांतून मान मिळवलेली गायिका आणि पत्र्याच्या पेल्यात नाणी स्वीकारणारा गायक त्या तबकडीवर कायमचे शेजारी झाले. 'व्हॉयेजर-१' ने २०१२ मध्ये, तर 'व्हॉयेजर-२' ने २०१८ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला.

पृथ्वीवरील मानसन्मान त्यामानाने उशिरा आले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत 'डार्क वॉज द नाइट'ला स्थान दिले. त्याच वर्षी ब्यूमाँट येथे जॉन्सन यांच्या प्रार्थनागृहाच्या जागी टेक्सास राज्याचा स्मृतिफलक उभारण्यात आला.

टेक्सासच्या रस्त्यांवर त्या काळी जॉन्सन एकटेच गात नव्हते. ज्यांच्यापर्यंत ध्वनिमुद्रणाचे यंत्र पोहोचले नाही, किंवा ज्यांची तबकडी कोणाच्या हाती लागण्याआधीच फुटली, अशा गायकांची आज नावेही उरलेली नाहीत. जॉन्सन यांची तीस गीते उरली, कारण कोणीतरी ती मुद्रित केली, कोणीतरी ती विकत घेऊन सांभाळली आणि पुढे कोणीतरी ती शोधून काढली.