नौशेऱ्याचे सिंह : ब्रिगेडियर महंमद उस्मान



जुलै महिन्यात एका शूर सेनानीचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन दोन्ही येतात. त्या ब्रिगेडियर महंमद उस्मान यांची ओळख आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला असावी, असे आम्हांस वाटते.

उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ रोजी आझमगढ जिल्ह्यातील बिबीपूर गावी झाला. वडील पोलीस अधिकारी होते. इंग्लंडमध्ये सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेऊन ते बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९४७ मध्ये फाळणी झाली आणि ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. तिकडे येण्याचा त्यांना पुष्कळ आग्रह झाला. पण त्यांनी भारत निवडला आणि ते डोगरा रेजिमेंटमध्ये आले.

लगेच काश्मीरचे युद्ध पेटले. उस्मान ५० पॅराशूट ब्रिगेडचे प्रमुख होते. डिसेंबर १९४७ मध्ये मीरपूर आणि कोटलीचे रस्ते जेथे मिळतात ते झांगर हातचे गेले. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी प्रतिज्ञा उस्मान यांनी केली. डोंगरातल्या कडाक्याच्या थंडीत ते जमिनीवरच निजत.

६ फेब्रुवारी १९४८ रोजी शत्रूने हजारोंच्या संख्येने नौशेऱ्यावर हल्ला केला. ब्रिगेडने तो परतवून लावला. याच लढाईत तैनधार येथे राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथ सिंह यांनी वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शत्रूने उस्मान यांना पकडण्यासाठी ५० हजार रुपयांचे बक्षीस लावले होते.

युद्धाच्या धामधुमीतही नौशेऱ्यातील निराधार मुलांकडे त्यांचे लक्ष होते. त्यांनी मुलांची ‘बालक सेना’ उभी केली आणि त्यांच्या शिक्षणाची सोय केली.

मार्च १९४८ मध्ये झांगर परत मिळाले. आम्हां मराठी माणसांना अभिमान वाटावा असे की, या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पॅरा पलटणही लढली. म्हणतात की, त्या दिवशी छावणीत खाटच नव्हती; गावातून ती आणवली गेली, तेव्हा उस्मान खाटेवर झोपले.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच तोफगोळा फुटून त्यांना वीरमरण आले. छत्तिसाव्या वाढदिवसाला केवळ १२ दिवस उरले होते. दिल्लीत जामिया मिलिया येथे त्यांचा दफनविधी झाला, तेव्हा पंतप्रधान पंडित नेहरू स्वतः हजर होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले.

मुलांनो, माणूस कोणाचा, हे त्याच्या नावावरून किंवा धर्मावरून ठरवू नका. त्याच्या कृतीवरून ठरवा. आणि दिलेला शब्द आधी स्वतः पाळा, मगच इतरांकडून अपेक्षा करा. पालकांना आमची विनंती आहे की, हे चरित्र आज घरी मुलांसोबत बसून वाचावे.