विश्लेषण : ‘थिअरी एक्स’ आणि ‘थिअरी वाय’ मांडणारे डग्लस मॅकग्रेगर कोण होते?

व्यवस्थापनाच्या परीक्षेत ‘थिअरी एक्स’ आणि ‘थिअरी वाय’ यांतला फरक हा हमखास येणारा प्रश्न. पाठ करून लिहिल्या जाणाऱ्या या उत्तरामागे एका प्राध्यापकाची कारकीर्द आहे. डग्लस मॅकग्रेगर यांनी माणसे सांभाळण्याचा विषय शिकवला, ते काम स्वतः केले आणि आपला एक समज चुकल्याचे जाहीरपणे मान्यही केले.

सुरुवात कशी झाली?

मॅकग्रेगर यांचा जन्म १९०६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटचा. त्यांच्या आजोबांनी फिरस्त्या कामगारांसाठी निवारा सुरू केला होता. तरुणपणी त्यांनी पेट्रोल पंपावर काम केले. १९३५ मध्ये हार्वर्डमधून मानसशास्त्रात पीएचडी मिळवून ते १९३७ मध्ये एमआयटीत शिकवू लागले.

एचआरशी संबंध कसा आला?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ड्युई अँड अल्मी या रसायन कंपनीत औद्योगिक संबंधांची, म्हणजे आजच्या भाषेत एचआरची, जबाबदारी सांभाळली. पुढे पोलाद कामगार संघटनेचे जोसेफ स्कॅनलन यांना त्यांनी एमआयटीत शिकवायला आणले. स्कॅनलन यांच्या योजनेत कामगार खर्च वाचवण्याचे उपाय सुचवत आणि झालेल्या बचतीत त्यांना वाटा मिळे.

अँटिऑकमध्ये काय घडले?

१९४८ मध्ये ते ओहायोतील अँटिऑक कॉलेजचे अध्यक्ष झाले. प्रमुखाने सल्लागारासारखे वागले, सगळ्यांशी चांगले संबंध ठेवले, की कटू निर्णय टाळता येतात, असे त्यांना वाटत होते. सहा वर्षांत हा भ्रम दूर झाला. अधिकार वापरणे टळत नाही आणि सगळ्यांना खूशही ठेवता येत नाही, अशी कबुली त्यांनी १९५४ मध्ये पद सोडताना लिहून दिली. त्यानंतर ते एमआयटीत परतले.

सिद्धांत नेमका काय?

१९५७ च्या भाषणात आणि १९६० च्या ‘द ह्यूमन साइड ऑफ एंटरप्राइज’ या पुस्तकात त्यांनी तो मांडला. माणूस कामचुकार असतो, त्याला धाक हवा, हे गृहीतक म्हणजे ‘एक्स’. पटलेल्या उद्दिष्टासाठी माणूस स्वतःहून झटतो, जबाबदारीही घेतो, हे गृहीतक म्हणजे ‘वाय’. साहेब जे गृहीत धरतो, तसे नियम तो करतो. सतत पहारा ठेवला की माणसे नेमून दिले तेवढेच करतात आणि साहेबाला आपले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते.

गैरसमज कोणता?

‘वाय’ म्हणजे मवाळ साहेब, असा अर्थ अनेकदा लावला जातो. पण अँटिऑकचा अनुभव घेतलेल्या मॅकग्रेगर यांना ते अभिप्रेत नव्हते. उद्दिष्टे मिळून ठरवायची आणि ती गाठण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याने घ्यायची, ही त्यांची अपेक्षा होती. ज्यांच्या विचारांवर ‘वाय’ बेतलेला होता, त्या अब्राहम मॅस्लो यांनीही हा सिद्धांत सगळ्यांना सारखाच लागू पडेल का, अशी शंका नंतर घेतली.

१९६४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी मॅकग्रेगर यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हजेरीचे नवे अ‍ॅप किंवा घरून काम करणाऱ्यांच्या स्क्रीनवर नजर ठेवणारी यंत्रणा आणण्याआधी कोणत्याही एचआर विभागाला त्यांचा प्रश्न आजही विचारता येईल : हा नियम करताना आपण आपल्या माणसांबद्दल काय गृहीत धरले आहे?