मायकेल फॅरेडे : बुकबाइंडरच्या दुकानातून ट्रान्सफॉर्मरपर्यंत



अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांनी कॉफी मेकर आणला आणि तुम्ही तो थेट आपल्या प्लगला लावला, तर? तिकडे घरातली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. कॉफी मेकरमध्ये जवळजवळ पावणेचार पट उष्णता तयार होईल आणि तो जळेल. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की तोच नीट चालतो. या जड डब्यामागे एका गरीब मुलाची गोष्ट आहे.

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी आजच्या लंडनमध्ये झाला. वडील लोहार, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधायला आलेली पुस्तकं ते वाचूनही काढत. विजेची गोडी तिथेच लागली. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वतः बांधून त्यांनाच पाठवली. पुढच्या वर्षी ते रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाले.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडताच दुसऱ्याजवळची चुंबकसूची हलली, बॅटरी काढताना पुन्हा हलली. मधल्या वेळात मात्र ती स्थिर! म्हणजे प्रवाह बदलतो तेव्हाच दुसऱ्या तारेत वीज येते. म्हणूनच ट्रान्सफॉर्मर सतत बदलणाऱ्या एसी विजेवरच चालतो. पहिल्या वेटोळ्याचे वेढे दुसऱ्याच्या दुप्पट ठेवले की व्होल्टेज निम्मं होतं.

फॅरेडेंचं गणित कच्चं होतं. त्यांच्या कल्पनांना गणिताचं रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिलं. पण ती हलणारी सूची फॅरेडेंच्या नजरेतून सुटली नाही. मुलांसाठी त्यांनी नाताळात कितीतरी व्याख्यानं दिली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचं निधन झालं.

आज घरी एवढं करा. चार्जर प्लगमधून काढून त्यावरचं लेबल मुलांसोबत वाचा. १००–२४० लिहिलं असेल तर ट्रान्सफॉर्मर नको. फक्त १२० असेल तर हवाच, आणि त्याची वॅट क्षमता उपकरणापेक्षा जास्त हवी.

आणि हो, गणितात मागे पडलेल्या मुलाला विज्ञान जमणार नाही, असं ठरवण्याआधी फॅरेडे आठवा.