पंडिता रमाबाईंची दुःखं आणि त्यांचा विश्वास



आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं, की सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी हळूच म्हणतं, विश्वास कमी पडला असेल. माझे यजमान गेले तेव्हा मीही हे ऐकलं. म्हणून आज पंडिता रमाबाईंविषयी लिहिते. नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या घरातल्या मरणांचा हिशोब कुणी मांडत नाही.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचे. रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असतील, तेव्हा उपासमारीत दोघंही गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या अर्धा देश पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथे विद्वानांनी त्यांना पंडिता ठरवलं. दोनच वर्षांत भाऊही वारला. मग बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा नेला. पदरात दहा महिन्यांची पोर आणि वय अवघं तेवीस.

हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं, असं कुणी म्हणेल. पुढचं ऐका.

१८८३ साली त्या मनोरमेला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन इंग्लंडला गेल्या. परक्या मुलखात त्या मैत्रिणीने जीव दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, वाँटेज इथे रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येऊ लागलं आणि ते राहून गेलं. पुढे बहिरेपण वाढतच गेलं. तिथल्या धर्मबहिणींशी, बिशपांशी त्या शिकवणीवरून वाद घालत. पटलं नाही ते कबूल करायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. मला तर त्यांचं हे वाद घालणंही विश्वासातलंच वाटतं.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ साली मुलींना बाटवतात असा गवगवा झाला. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही बाजूला झाले. दुसरं कुणी असतं तर गाशा गुंडाळला असता.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. आपला निमाड जिल्हाही तेव्हा मध्य प्रांतातच होता. उपाशी पोरीबाळींना फसवून नेणारे लोक असतात, हे रमाबाई जाणून होत्या. स्वतः त्या भुकेतून गेल्या होत्या ना! त्या इकडे आल्या आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन गेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडजवळ केडगावला शेतावर ठेवलं. मुक्ती सदन वाढलं ते असं. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या भागातल्या किती आज्या-पणज्या त्यात असतील, कोण जाणे.

मनोरमा शिकून आईच्या हाताशी आली. शाळा तीच सांभाळायची, आणि बहिऱ्या आईचे कानही तीच झाली होती. आपल्यामागे मुक्ती तिच्याकडे द्यायची हे ठरलेलं होतं. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय चाळीस. आई त्रेसष्ट वर्षांची.

त्या वेळी रमाबाईंच्या हातात पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम होतं. खेड्यातल्या बाईला समजेल अशा भाषेत ते यावं, म्हणून त्या उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकल्या होत्या. छापखाना मुक्तीचाच, आणि काम करणाऱ्या तिथल्याच बाया. मुलीला पुरल्यावरही त्यांनी हे काम खाली ठेवलं नाही. प्रकृती ढासळत होती, तरी रोज मुद्रितं तपासायच्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. मनोरमेला जाऊन तेव्हा नऊ महिनेही पुरे झाले नव्हते.

आपली,
एक वाचक भगिनी, निंबोला (जि. बऱ्हाणपूर)