विश्लेषण : तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाला सरकार का घाबरले?

मार्च १९७७. प्राग शहरात एका ६९ वर्षांच्या निवृत्त प्राध्यापकाची पोलिसांनी दहा तासांहून अधिक चौकशी केली. दहा दिवसांनी, १३ मार्च रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे रुग्णालयात निधन झाले. यान पातोच्का हे त्यांचे नाव. ते कोणत्या पक्षाचे नेते नव्हते. प्लेटो आणि हुसर्ल शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले, तेही बरेचसे विद्यापीठाबाहेर. अशा माणसाची कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाला एवढी धास्ती का वाटावी?

पातोच्का कोणाचे शिष्य?

बोहेमियातील तुर्नोव्ह येथे १ जून १९०७ रोजी जन्मलेले पातोच्का शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तेथे १९२९ मध्ये त्यांनी जर्मन तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांची व्याख्याने ऐकली. हुसर्ल यांच्या विचारपद्धतीला फिनॉमिनॉलॉजी म्हणतात. नाव जड आहे, पण मुद्दा समजण्यासारखा आहे. तापमापक ४० अंश दाखवतो. ऊन मात्र आपल्याला ‘लागते’. विज्ञान मोजते ते जग आणि आपण जगतो ते जग, यांचे नाते काय? पातोच्का यांचा १९३६ मधील प्रबंध याच प्रश्नावर होता.

फ्रायबुर्गमध्ये काय दिसले?

१९३३ च्या उन्हाळ्यात ते फ्रायबुर्गला पोहोचले. हिटलर नुकताच सत्तेवर आला होता. एकाच गावात त्या काळातले दोन मोठे तत्त्वज्ञ होते. मार्टिन हायडेगर विद्यापीठाचे कुलगुरू होऊन नाझी पक्षात गेले होते, तर ज्यू वंशाचे वृद्ध हुसर्ल एकटे पडत चालले होते. पातोच्का दोघांकडून शिकले, पण त्यांचा राबता हुसर्ल यांच्याकडे अधिक होता. १९३४ च्या नाताळात हुसर्ल यांनी त्यांना एक लाकडी वाचन-मेज भेट दिले. ते त्यांना तरुणपणी लाइपझिगमध्ये मित्र तोमाश मासारिक यांनी दिले होते. हेच मासारिक पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी हुसर्ल प्रागला व्याख्यानांसाठी आले. हे निमंत्रण घडवून आणण्यात पातोच्का यांचा मोठा वाटा होता. जर्मनीत दारे बंद झालेल्या गुरूला शिष्याच्या गावात श्रोते मिळाले.

विद्यापीठात किती काळ?

फार थोडा. नाझींनी १९३९ मध्ये चेक विद्यापीठे बंद केली. युद्धानंतर ते पुन्हा शिकवू लागले. कम्युनिस्ट सत्ता येताच पुन्हा बाहेर. मग संस्थांमधील कामे, सतराव्या शतकातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांच्यावरील संशोधन. १९६८ मध्ये अखेर प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा वय साठीच्या पुढे होते. १९७२ मध्ये सक्तीची निवृत्ती.

त्यानंतर वर्ग भरू लागले ते घरांमध्ये. ग्रंथ छापता येत नसत; विद्यार्थी कार्बन लावून टाइप करत आणि प्रती हातोहात फिरत. १९७५ मधील ‘इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील पाखंडी निबंध’ असेच फिरले. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ज्यांच्या सगळ्या श्रद्धा हादरल्या, त्या माणसांमध्ये, अगदी शत्रूंमध्येही, एक वेगळे ऐक्य जन्मते, असे त्यात मांडले आहे. आत्म्याची काळजी घेणे हा युरोपचा खरा वारसा, हे प्लेटोकडून घेतलेले सूत्रही त्यात आहे. खुर्ची टिकवण्यासाठी खोटे बोलणे या सूत्रात बसत नाही.

चार्टर ७७ काय होते?

रॉक संगीत वाजवणाऱ्या तरुणांवर १९७६ मध्ये खटला झाला आणि वेगवेगळ्या विचारांचे लोक एकत्र आले. सरकारने मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्या आहेत, तर ते पाळावेत, एवढीच चार्टरची मागणी होती. वाक्लाव हावेल आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक यांच्यासह पातोच्का प्रवक्ते झाले. आयुष्यभर थेट राजकारणापासून लांब राहिलेल्या माणसाने उतारवयात हा निर्णय घेतला, हे विशेष. १ मार्चला ते नेदरलँड्सच्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटले आणि ३ मार्चला ती दीर्घ चौकशी झाली. रुग्णालयातही त्यांनी लेखन थांबवले नाही. काही गोष्टींसाठी सोसावे लागले तरी ते सार्थ असते, हे लोकांना पुन्हा उमगले आहे, असा त्या अखेरच्या लेखाचा आशय.

अंत्यविधीच्या वेळी स्मशानभूमीवर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते आणि शेजारी मोटारसायकली गुरगुरत होत्या. बोलणारे ऐकूच येऊ नयेत, याची ती व्यवस्था.

हस्तलिखितांचे काय झाले?

पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून विद्यार्थ्यांनी कागद हलवले आणि वर्षानुवर्षे टाइप केले. घरांतले वर्गही चालूच राहिले. १९८१ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा प्रागमधील अशाच एका गुप्त वर्गात शिकवून परतत होते. सामानात अमली पदार्थ सापडल्याचा बनाव करून त्यांना अटक झाली आणि फ्रान्सच्या हस्तक्षेपानंतर सुटका झाली. पुढे देरिदांनी पातोच्का यांच्या पाखंडी निबंधांवर सविस्तर लिहिले. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये, प्रागमध्ये पातोच्का अभिलेखागार सुरू झाले.