आनंदीबाईंचे तीन हिवाळे

पेडणे-डिचोलीकडे हिवाळा येतो तो चार दिवसांच्या पाहुण्यासारखा. मार्गशीर्ष-पौषात पहाटे कुळागरांवर धुके उतरते, मुले अंगणात पालापाचोळा पेटवून त्याभोवती शेकत बसतात, आणि ऊन माथ्यावर आले की घोंगड्या पुन्हा घडी करून ठेवल्या जातात. पणजीस जानेवारी महिन्यातील किमान तापमान सरासरीने २० अंश सेंटिग्रेडच्या आसपास असते. आत डिचोलीच्या डोंगराळ बाजूस पहाटे ते आणखी थोडे उतरते, इतकेच. आपल्या वाडवडिलांनी घरे बांधली ती पाऊस आणि उकाडा यांचा विचार करून. कौलांखाली वारा खेळता राहावा, राजांगणात उजेड यावा, एवढी त्यांची अपेक्षा. घरात ऊब किती राखावी, हा प्रश्न आपल्या घरांना फारसा कधी पडलाच नाही. परंतु ज्या देशांत खिडकीबाहेर ठेवलेले पाणी रात्रीतून गोठून जाते, तेथे हा प्रश्न जगण्यामरण्याचा होऊन बसतो. अशा देशात एकट्याने तीन हिवाळे काढून वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी या मुलीचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचा विवाह गोपाळ विनायक जोशी या पोस्टखात्यातील बिजवराशी झाला आणि ती आनंदी झाली. पती वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवावयाचे, या एका ध्यासाने त्यांना पुरते झपाटले होते. त्यांची शिकविण्याची रीत मात्र कठोर होती. प्रसंगी मारहाणही होई. हेतू थोर होता म्हणून ती रीत क्षम्य ठरते असे आम्हांस वाटत नाही, आणि हा भाग वगळून चरित्र लिहिणेही आम्हांस योग्य वाटत नाही.

याच १८७४ साली आपल्या पेडण्यातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईत निवर्तले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते वैद्य, आणि स्त्रीशिक्षणाचे कैवारी. पणजीचे वैद्यकीय विद्यालय तर १८४२ सालीच स्थापन झाले होते. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक आपल्या प्रदेशात नवखे राहिले नव्हते. परंतु मराठी घरातील सुनेने ते शिकावे, हा विचार मात्र अगदी नवखा होता.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो गेला. स्त्रियांना पुरुष वैद्यापुढे आपले दुखणे उघड करण्याचा संकोच वाटे आणि त्यापायी कित्येक जीव हकनाक जात, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने जाणले. डॉक्टर होण्याचा निश्चय तेथून दृढ झाला. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, सेरामपूर अशी त्यांची भ्रमंती चालू होती. कोल्हापुराहून १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले, आणि १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या दृष्टीस पडले. या बाई न्यू जर्सीतील रोसेल गावच्या. त्यांनी पत्र घातले, इकडून उत्तर गेले, आणि पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कलकत्त्याकडे असतानाच आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप आणि धाप यांचा त्रास होई. त्यावर मावशी अमेरिकेहून औषधे पाठवीत. तेव्हा प्रकृती मुळातच नाजूक होती, ही गोष्ट पुढील हकिकत वाचताना ध्यानी ठेवावी.

सेरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी भाषण करून त्यांनी आपला मनोदय जाहीर केला; आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे श्रोत्यांस निःसंदिग्धपणे सांगितले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटले. पती बरोबर नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. रोसेल गावात त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनच्या विजेचे दिवे खांबांवरील तारांनी प्रथमच लागले होते. आपल्याकडे समईच्या उजेडात वाचणारी ही अठरा वर्षांची मुलगी अशा गावी जाऊन राहिली, ही मौजेची गोष्ट नव्हे काय?

ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजच्या डीन रेचेल बॉडले यांनीही त्यांना फार माया लावली. पण राहावयास जी खोली मिळाली तिच्यातील शेकोटी नीट नव्हती. पेटविली की खोलीभर धूर कोंदे. न पेटवावी तर थंडीने बोटे वाकेनाशी व्हावीत. फिलाडेल्फियात जानेवारीचे सरासरी तापमान शून्य अंशाच्या जवळपास असते, आणि रात्री ते त्याच्याही खाली जाते.

भिंतीतील शेकोटी धूर का ओकते, हे येथे सांगितले पाहिजे. चुलीतून निघणारी उष्ण हवा हलकी असते, म्हणून ती धुराड्यातून वर चढते आणि आपल्यामागे खोलीतील हवा ओढून घेते. धुराडे अरुंद, गार किंवा काजळीने कोंदलेले असले, अथवा त्याच्या तोंडावर वारा उलटा बसला, तर ही ओढ मोडते आणि धूर खोलीत शिरतो. ओढ टिकविण्यासाठी बाहेरची हवा आत यावी लागते. म्हणजे खिडकी उघडावी तर बर्फासारखा वारा आत, मिटावी तर धूर आत. शिवाय चांगल्यातल्या चांगल्या उघड्या शेकोटीची बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशाकडे जाते. याच फिलाडेल्फियाचे नागरिक बेंजामिन फ्रँकलिन यांनी हा अपव्यय ओळखून १७४० नंतरच्या दशकात लोखंडी शेगडीची नवी रचना काढली होती. पुढे अमेरिकेत बंदिस्त लोखंडी शेगड्या इतक्या पसरल्या, की १८४२ साली तेथे गेलेल्या चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने त्यांनी तापलेल्या कोंदट खोल्यांबद्दल तक्रारच केली. एकाच देशात कोणी उकाड्याने हैराण, आणि ज्यांना ऊब खरोखरी हवी त्या आनंदीबाईंच्या वाट्याला धूर!

किती ऊब पुरे, याला शास्त्राने आता एक अंक दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, थंडीच्या दिवसांत घरातील तापमान निदान १८ अंश असावे असे सांगितले आहे. वृद्ध, तान्ही मुले आणि आजारी माणसे यांना त्याहून थोडी अधिक ऊब लागते. गोव्याच्या माणसास १८ अंशांतच शाल आठवेल, आणि त्यात नवल नाही. अंगावरील वस्त्र, पोटातील अन्न, शरीराची हालचाल आणि लहानपणापासूनची सवय यांवर सुखाची ऊब ठरते. घरच्या माणसाने सुखाने सोसलेली थंडी पाहुण्याला सोसेलच असे नाही. या दृष्टीने पाहता आनंदीबाईंची स्थिती चारही बाजूंनी बिकट होती. जन्म उष्ण प्रदेशातला, आहार शाकाहारी, आणि तोही परक्या मुलखात धड न मिळणारा, अभ्यास बैठा, आणि अंगावर नऊवारी लुगडे, ज्यात पोटऱ्या आणि कंबर उघडी राहतात.

मायदेशी दिलेला शब्द आणि शरीराची गरज यांचा मेळ बाईंनी कसा घातला, हे पाहण्याजोगे आहे. विलायती झगा त्यांनी चढविला नाही. तथापि थंडीत कुडकुडत राहणे म्हणजेच धर्म, असेही मानले नाही. विचारांती त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. तिने पाय घोट्यापर्यंत झाकले जातात. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण त्या काळी बाईच्या नेसण्यात बोटभर बदल झाला तरी गावात चर्चा होई, आणि त्यांच्यावर तर साऱ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेले होते.

साडीचा प्रश्न सुटला, खोलीचा सुटला नाही. ताप येई, मूर्च्छा येई, खोकला पाठ सोडीना; घटसर्पानेही एकदा गाठले. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते, म्हणजे बाईंच्या प्रयाणाच्या जेमतेम वर्षभर आधी. क्षय थंडीने होतो हा समज त्या दिवशी शास्त्रापुरता तरी संपला. मग थंडीला आणि धुराला आम्ही दोष का द्यावा? जंतू हे बीज असले तरी ते रुजण्यास भूमी लागते. अपुरे अन्न, अतिश्रम, अखंड गारठा आणि धुराने दुखावलेली फुप्फुसे यांनी ती भूमी तयार होते. जंतू ठाऊक झाला होता, पण त्यावरील औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडावयास १९४३ साल उजाडावे लागले. चुलीच्या धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून म्हातारपणी खोकत बसणाऱ्या आज्या आपल्याकडील खेड्यांतही पुष्कळांनी पाहिल्या असतील. धूर हा निरुपद्रवी सोबती नव्हे, हे त्यांनाही कोणी वेळेवर सांगितले नव्हते. आणि दारे-खिडक्या मिटून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजणे तर साक्षात घातक. तिच्यातून निघणारा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही.

इतके सोसूनही अभ्यास थांबला नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. गोपाळराव तोवर अमेरिकेस पोहोचले होते, आणि त्या समारंभास पंडिता रमाबाईही उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. ज्या गावातून पहिले पत्र गेले, त्याच गावी डॉक्टर होऊन परतावयाचे, असा तो योग जुळून आला होता.

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या तेव्हा मायभूमीची ऊब पुन्हा मिळाली, पण ती घेण्याजोगे शरीर उरले नव्हते. क्षय पुरता बळावला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात एकाही रुग्ण स्त्रीची नाडी त्यांना पाहता आली नाही.

पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध केलेला आपला इंग्रजी ग्रंथ आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केला. त्याची प्रस्तावना डीन बॉडले यांची आहे. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल या लेखिकेने १८८८ साली त्यांचे चरित्र छापले, मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिले, आणि १९६८ साली श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली. आमच्या वाचकांस विशेष वाटावे असे की, आपल्या काळात त्यांच्या पत्रांचा साक्षेपाने अभ्यास केला तो डॉ. मीरा कोसंबी (१९३९–२०१५) या विदुषीने. आपल्या सांकवाळच्या आचार्य धर्मानंद कोसंबींची ही नात. शुक्र ग्रहावरील एका विवरासही आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर ४६० अंशांच्या घरात उष्णता असते; नाव देणाऱ्यांच्या मनी फिलाडेल्फियाची ती गारठलेली खोली खचितच नसणार.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविली. मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, हडसन नदीच्या परिसरात, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आणि वर दगड उभा केला. तेथे हिवाळ्यात हिम पडते.