थिंद यांचा दाखला आणि उच्चवर्णीयाचा दावा

ऐरोली, नेरूळ, खारघरच्या वसाहतींतली अनेक मुले आज अमेरिकेत आहेत. आपल्या वस्त्यांतून शिकून गेलेली मुलेही त्यात आहेत. तिथे नागरिकत्वासाठी अर्ज करणाऱ्याचे नैतिक चारित्र्य तपासले जाते, आणि ऑगस्ट २०२५ पासून ही तपासणी अधिक कडक झाली आहे. अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते. तिथेही नकार मिळाला तर न्यायालय आहे. शंभर वर्षांपूर्वी असाच नकार पचवून कोर्टात गेलेल्या एका माणसाची हकीकत आम्ही आज सांगत आहोत. कारण त्या खटल्यात जात पुराव्यादाखल मांडली गेली होती.

भगतसिंग थिंद यांचा जन्म १८९२ साली अमृतसर जिल्ह्यात शीख कुटुंबात झाला. (शहीद भगतसिंग वेगळे.) जुलै १९१३ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. त्याच महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले होते. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, तर थिंद यांनी ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत घाम गाळला.

जुलै १९१८ मध्ये थिंद अमेरिकन सैन्यात भरती झाले. पगडी घालूनच त्यांनी नोकरी केली. ९ डिसेंबर १९१८ रोजी त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत ते काढून घेण्यात आले. कारण काय, तर हा माणूस गोरा नाही! तेव्हाच्या कायद्याने गोरे आणि आफ्रिकी वंशाचे लोक एवढेच नागरिक होऊ शकत होते. गंमत पाहा, १६ डिसेंबरला सैन्यातून सन्मानाने मुक्त करताना त्याच सरकारने त्यांच्या दाखल्यावर चारित्र्य उत्कृष्ट असल्याचा शेरा मारला.

थिंद यांनी ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. आता सरकारी अधिकाऱ्याने त्यांचे गदर चळवळीशी असलेले संबंध उकरून काढले. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारा माणूस अमेरिकेशी निष्ठावंत कसा, असा सवाल होता. न्यायाधीश वोल्व्हर्टन यांनी तो आक्षेप मानला नाही आणि १९२० मध्ये नागरिकत्व दिले. सरकार अपिलात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

इथे आम्हाला थांबावे लागते. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते. थिंद हे उच्चवर्णीय आर्य असल्यामुळे ते गोरेच ठरतात, असा दावा केला गेला. इतकेच नव्हे, तर अमेरिकन गोरा माणूस लग्नसंबंधात काळ्या माणसाकडे जसा पाहतो, तसाच भारतातला उच्चवर्णीय इथल्या मूळनिवासींकडे पाहतो, हे अभिमानाने सांगितले गेले! ज्या गुरूंनी लंगरात सर्वांना एका पंगतीला बसवले, त्यांच्या अनुयायाच्या तोंडी हा युक्तिवाद घातला गेला. अन्याय होत होता हे खरे. पण तो टाळण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन वर चढण्याची ही रीत आम्हाला नवीन नाही. काळ्या बांधवांच्या शेजारी उभे राहून हा कायदाच मोडा असे म्हणणे कोणाला सुचले नाही.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी थिंद यांच्या विरोधात निकाल दिला. सामान्य अमेरिकन माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असे ठरले. जातीच्या नियमांनीही भारतातली रक्ताची सरमिसळ पूर्णपणे थांबली नव्हती, हेही न्यायालयाने नोंदवले. सरमिसळीची ही गोष्ट बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियातच वाचलेल्या जातिविषयक निबंधात मांडली होती. फरक एवढाच की न्यायालयाने ती दार बंद करायला वापरली आणि बाबासाहेबांनी जातीचा डोलारा पाडायला.

निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांवर खटले भरले. वैष्णो दास बागाई यांनी नागरिकत्व गमावल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडितांवरही खटला झाला. ते १९१४ पासून नागरिक होते. यावेळी त्यांची भिस्त रक्तावर राहिली नाही. एकदा कोर्टाने दिलेला निकाल अंतिम आहे आणि त्याच्या भरवशावर आपण आयुष्य उभे केले आहे, हा मुद्दा त्यांनी लढवला आणि जिंकला. त्यानंतर सरकारला असे खटले आवरते घ्यावे लागले. वंशाच्या बढाईने जे साधले नाही ते कायद्याच्या साध्या मुद्द्याने साधले.

आपल्याकडेही १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात अर्जदाराचे चारित्र्य चांगले असण्याची अट आहे. मात्र कलम १४ प्रमाणे नकाराची कारणे देण्याचे बंधन सरकारवर नाही. ३० दिवसांत केंद्राकडे पुनर्विलोकन मागता येते, एवढेच. थिंद यांना निदान कारण तरी कळले होते.

१९३५ मध्ये अमेरिकेने पहिल्या महायुद्धातील आशियाई सैनिकांना नागरिकत्व देणारा कायदा केला. १९३६ मध्ये थिंद तिसऱ्यांदा नागरिक झाले. यावेळी त्यांना ना जात सांगावी लागली, ना वंश. सैनिकी सेवेचा पुरावा पुरला. हे नागरिकत्व त्यांच्याकडे १५ सप्टेंबर १९६७ रोजी मृत्यू येईपर्यंत राहिले.